ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीतला गाळ: काढायचा कसा आणि परत येऊ द्यायचा नाही कसा

उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागली की इंजिन दम टाकतं, बंद पडतं आणि दहा मिनिटं थांबून मारलं की पुन्हा सुरू होतं. या लक्षणावरून आधी टाकीवर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना तळाचा गाळ ओढला जाऊन पाईपच्या तोंडाशी चिकटतो. इंजिन थांबलं की तो खाली बसतो, म्हणून पुन्हा स्टार्ट होतं. पण आधी टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताना 'सूऽऽ' असा आवाज येऊन हवा आत गेली आणि इंजिन लगेच सुरळीत झालं, तर दोष गाळाचा नाही. झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. ते साफ केलं की काम झालं.

आपल्या बेळगावकडच्या गॅरेजात 'टाकीत कस आहे' असं ऐकून मराठी माणूस जरा गोंधळतो. कन्नडमध्ये कस म्हणजे कचरा, त्यामुळे कसदार टाकी कुणालाच नको असते. कचरा नक्की कोणता, हे मात्र बाटलीत बघून ठरवावं. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी टाकीच्या तळाच्या ड्रेन प्लगमधून अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दोन तास हलवू नका. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पाणी खाली बसतं. तळाशी नुसतं स्वच्छ पाणी दिसलं, तर निव्वळ डिझेल येईपर्यंत ड्रेन करणं पुरे. तांबूस बारीक पूड दिसली तर टाकी आतून गंजते आहे. वाळूचे कण असतील तर ते कॅनमधून किंवा नरसाळ्यातून आले आहेत. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत, चिंधीसारखा थर असेल तर ती बुरशी आहे. ती पाण्यात राहते आणि डिझेलवर जगते, त्यामुळे पाणी काढल्याशिवाय हटत नाही. बुरशी किंवा गंज असेल तर टाकी उतरवावीच लागते. वरच्या वर फिल्टर बदलत राहणं म्हणजे पैसे जाळणं.

टाकी उतरवायची वेळ निवडताना तापमान बघा. 'डिझेल पेट घेत नाही' या समजावर विसंबू नका. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, किमान 35 अंश सेल्सिअस धरला आहे. उसाचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे मध्ये, ट्रॅक्टर मोकळा होतो तेव्हा बेळगाव, चिकोडी, अथणीकडचं दुपारचं ऊन याच घरात किंवा त्याच्या वर असतं. उन्हात तापलेला पत्रा तर आणखी गरम असतो. म्हणून हे काम सकाळी, उघड्यावर, सावलीत करायचं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार हवेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना दगड लावा, एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. बिडी, चूल, ग्राइंडर आणि वेल्डिंगचं काम 15 मीटरच्या आत नको. टाकीत डोकावायला फक्त एलईडी टॉर्च वापरा, वायरवरचा बल्ब नको. आत प्रेशरची हवा मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

डिझेल 5-8 लिटरवर आलेलं असताना काम सुरू केलं तर सोपं जातं. ड्रेन प्लगखाली लोखंडी टब ठेवा आणि टब व टाकी एका तारेने जोडा. प्लास्टिकच्या बादलीत स्थिर विजेचा भार साठतो आणि ठिणगीची भीती असते. पहिले दोन-तीन लिटर वेगळे घ्या, सगळी घाण त्यातच असते. प्लग नसलेल्या टाकीतून डिझेल हातपंपाने ओढा. नळीला तोंड लावून ओढण्याची सवय फार जुनी आणि फार वाईट. डिझेलचा घोट फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होतो. चुकून गिळलंच, तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

पुरवठ्याचा पाईप, परतीचा पाईप आणि फ्लोटच्या (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वायरी काढण्याआधी प्रत्येकावर टेपने खूण करा. उघड्या तोंडांना पॉलिथिनची पिशवी दोऱ्याने बांधा. बोळा कोंबला तर त्याचे तंतू आत जातात आणि कष्टाने काढलेला कचरा आपल्याच हाताने परत घातल्यासारखं होतं. पट्टे सोडताना टाकी दोघांनी धरावी.

धुवायला 4-5 लिटर स्वच्छ डिझेल टाका, तोंड बंद करून टाकी आडवी-उभी हलवा, कोपऱ्याकडे कलती करून ओता. असं तीनदा. आतल्या आडव्या पत्र्यामागे गाळ दडून बसतो, तिथे लांब दांड्याचा नायलॉन ब्रश फिरवा. पाईपच्या तोंडाची जाळी सुटी करून वेगळी धुवा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. त्यांची वाफ थंडीतही पेटते. शेवटी तंतू न सुटणारं पांढरं कापड काठीला बांधून तळावर फिरवा. कापड काळं किंवा तांबूस आलं, तर चौथी फेरी घाला. गंजाचे पापुद्रे ब्रशनेही सुटत राहिले तर टाकी बदला. भोक पडलं असेल तरीही बदला. रिकाम्या टाकीच्या सांध्यांत राहिलेल्या डिझेलची वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होते आणि ती टाकी बॉम्बसारखी फुटते. 'पाणी भरून करतो' म्हणणाऱ्या वेल्डरालाही नाही म्हणा.

बसवताना ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर नवा घाला आणि दोन्ही फिल्टर एकदम बदला. इंजिनाच्या डिझेल पंपातल्या प्लंजरची (आत सरकणाऱ्या दट्ट्याची) फट अवघी काही मायक्रॉन असते, तिथे एक कण पुरेसा होतो. टाकीत किमान 15 लिटर नवं डिझेल भरा आणि हवा काढा. आधी पहिल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा आणि इंजिनावरचा हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंप. स्टार्टर एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये एक मिनिट विश्रांती. कॉमन रेल इंजिन (सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर हाय प्रेशरच्या पाईपला पाना लावू नका. तिथल्या दाबाची बारीक धार कातडीच्या आत घुसते आणि जखम दिसते त्याहून फार खोल असते. ते काम कंपनीच्या मेकॅनिकचं.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं नुसतं चालवा, सांध्यांना हात न लावता पुठ्ठा धरून गळती बघा. बुरशी होती तर 10 तास चालवल्यावर फिल्टरखालची, पाणी साचायची वाटी उघडून बघा. बाजारात मिळणारं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात टाकायला हरकत नाही, पण धुऊन झाल्यावरच. आधी टाकलं तर मेलेली बुरशी सुटून फिल्टरच बुजवते.

काढलेला गाळ शेतात, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका, पेटवूही नका. झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत जळकं तेल घेणाऱ्यांकडे द्या. पाणी-गंज असलेलं डिझेल दिवसभर स्थिर ठेवून वरचा तीन चतुर्थांश भाग बारीक जाळीतून गाळून वापरता येतं, बुरशीचं मात्र नाही.

आता पाणी येतं कुठून? खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतली वाफ पत्र्यावर थेंब धरते, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. दुसरं कारण खंडेनवमीचं. ट्रॅक्टरला प्रेशरने आंघोळ घालताना धार झाकणावर मारली की पाणी सरळ आत जातं. झाकणावर पॉलिथिन बांधून मगच धुवा. तिसरं कारण बॅरल. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री आतली हवा आकसली की बुचातून ते आत ओढलं जातं. बॅरल छपराखाली ठेवा, नाहीतर आडवा करून बुचं दोन्ही बाजूंना येतील असा लावा. पंपाची नळी तळापासून चार बोटं वर धरा. जस्ताचा मुलामा असलेलं भांडं डिझेल साठवायला नको.

कृष्णाकाठच्या नावेला किंवा शेतातल्या पंपाला पेट्रोलचं इंजिन असेल तर वरची धुण्याची रीत तिथे चालणार नाही. पेट्रोलची वाफ कुठल्याही हवेत पेटते, ती टाकी मेकॅनिककडेच द्या.