बुढा पहिल्यापासूनच असा आहे का? तऱ्हेवाईक माणूस आणि आजारी माणूस ओळखताना

मी आशा सेविका आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात. घरोघर फिरते, बाळांची वजनं घेते, गोळ्या वाटते. आणि कोणत्या ना कोणत्या ओट्यावर बसवून कोणी हळूच विचारतेच, "ताई, आमच्या बुढ्याच्या डोक्शात फरक पडला का वं?" मी डॉक्टर नाही. आजाराचं नाव ठरवणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही. पण कोणाला दवाखान्यात न्यायचं आणि कोणाला त्याच्या तऱ्हेनं जगू द्यायचं, हे आधी घरच्यांनाच ठरवावं लागते.

माणूस गावाशी ताडून पाहू नका, त्याचा त्याच्याशीच ताडून पाहा. आमच्याकडे एक बाबाजी बैलांशी तासन्‌तास बोलतात आणि सुनेशी दोन शब्द बोलत नाहीत. एक काका एसटीत बसत नाहीत, तालुक्याला पायी जातात. एक काकू पाणी तीनदा गाळल्याशिवाय पीत नाहीत. तिघंही पहिल्यापासून असेच. पेरणी वेळेवर, उधारी चुकती, लग्नाकार्यात हजर. त्यांना कटकटे म्हणा हवं तर, आजारी म्हणायचं कारण नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगात चिंध्या, जवळ फुटकं गाडगं आणि हातात खराटा घेऊन गावात शिरत. आज असा अनोळखी माणूस आपल्या फाट्यावर उतरला, तर पानठेल्यावरची पोरं काय म्हणतील ते तुम्हालाच माहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही हे लिहिलेलं आहे: समाजाच्या रीतीभाती, नीती, धर्मश्रद्धा किंवा राजकीय मतं यांच्याशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. आधी कधी उपचार झाले होते, एवढ्यावरूनही नाही. हे लक्षात ठेवायचं, कारण लग्नाला नाही म्हणणारी पोरगी आणि हिस्सा मागणारी विधवा वहिनी यांना येडं ठरवणं घराला फार सोयीचं असते. तसं कोणी सांगायला आलं की मी आधी सातबारा कोणाच्या नावानं आहे ते विचारते.

आता उलटी बाजू. तेच बाबाजी उद्या बैलांना चारा टाकेनासे झाले, तर उठा. झोप, भूक, काम आणि माणसांत बसणं या चार गोष्टींत काय मोडलं ते पाहा. आमच्या तपासणीच्या फॉर्मात दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालं का, आणि उदास, निराश वाटते का. दोन आठवडे का? तर मृगाच्या तोंडावर बियाण्याचे पैसे जमवताना झोप कोणाची उडत नाही? ती काळजी बहुतेक वेळा पैसे हाती आले, पाऊस लागला की हलकी होते, माणूस तिफण घेऊन निघतो. आजारी माणूस पाऊस लागला तरी खाटेवरून उठत नाही. "आळशी झाला" म्हणून त्यालाच शिव्या बसतात.

मधली माणसं अवघड. पाणी गाळणाऱ्या काकूंचंच घ्या. तीनदा गाळून समाधान होते, तोवर ती सवय. पण तीनाचं दहा झालं, हात धुऊन धुऊन कातडी फाटली, "हे उगाच आहे" असं स्वतःला कळूनही थांबता येईना, त्यापायी सैपाक राहू लागला, तर दाखवून आणा. अंगात येण्याचंही तसंच. नवरात्रात आरतीला येते, आरती झाली की उतरते, सकाळी बाई कापूस वेचायला जाते, यात मी पडत नाही. एकटं असताना आवाज ऐकू येतात, ते हुकूम देतात, भाजीत कोणी जहर कालवलं असं वाटून ताट भिरकावलं जाते, तिथं उशीर नको.

विचारायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. "टेन्शन आहे का?" म्हटलं तर आमचा माणूस "कायचं टेन्शन, सारं बरं हाय" म्हणून तंबाखू मळायला लागतो. चारचौघांत, बायकोसमोर तर विचारूच नका. वावराच्या धुऱ्यावर, काम करता करता विचारा. "भाकर गोड लागते का बावा?" "राती किती वाजता जाग येते?" पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही म्हणाला, की मी टेकून बसते. मग सरळ विचारायचं, "मरून जावं असं वाटते का?" विचारल्यानं ती गोष्ट डोक्यात शिरते असं लोकांना वाटते. तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना बोलून मोकळं वाटते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं सारं औषध त्याच दिवशी घरातून, कोठ्यातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. लपवू नका, हलवा. माळ्यावर लपवलेला डबा घरच्या माणसाला सापडतोच.

फरक काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत पडला, तर मनाआधी शरीर तपासा. श्रावण लागला म्हणून रोजचा पिणारा एकदम दारू सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. दारू एकदम सुटल्यानं हे होते, यात जीव जाऊ शकतो. त्याच रात्री १०८ ला फोन करा. फवारणी करून आल्यावर बरळणं, लाळ गळणं. शुगरच्या पेशंटचं अचानक गोंधळणं. तापात ओळख विसरणं, हेही त्यातच. बाळंतीण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोपेनाशी झाली, भलतंच बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका, तडक दवाखाना.

घरचे देवरशाकडे निघाले तर मी भांडत नाही. अंगारा लावा, पण सोबत गाडीही लावा. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिथं मी थेट पोलीस पाटलांना बोलावते.

कुठं जायचं? आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज, तिथं मनोविकार विभाग असते. लोकांना वाटते थेट नागपूरच्या मनोरुग्णालयात टाकतील. बहुतेकांना गोळ्या लिहून देऊन त्याच दिवशी घरी पाठवतात. जायचं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. घरच्यांनीही लावला तरी चालते.

जाताना कागदावर लिहून न्या: कधीपासून, आधी माणूस कसा होता, झोप किती, दारू किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घराण्यात कोणाला असं होतं का. डॉक्टरपुढं सारे एकदम बोलतात आणि पेशंट गप्प बसतो, म्हणून एकच जण सोबत जा. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून आणि दोन महिन्यांनी "बरं वाटते" म्हणून, दोन्ही वेळा गोळ्या मनानं बंद होतात, तेव्हा डबी घरच्या एकाच्या हाती ठेवा. पुढची तारीख शक्यतो बाजाराच्या दिवसाची मागा. त्या दिवशी काळी-पिवळी सहज भेटते, आणि कुठं चाललात म्हणून फाट्यावर कोणी विचारत नाही.