नाकेबंदी फोडणाऱ्या आगबोटी: लिहिताना, चित्र काढताना या चुका टाळा

अमेरिकन यादवी युद्धावर (1861–65) कथा लिहा, चित्र काढा किंवा मॉडेल बनवा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची केलेली नाकेबंदी फोडून माल ने-आण करणारी आगबोट त्यात हमखास येते आणि हमखास चुकते.

सगळ्यात आधी तिच्यावरच्या तोफा काढून टाका. ही जहाजं लढायला नव्हतीच, नफ्यासाठी धावत होती. बरीचशी ब्रिटिश मालकीची. पकडली गेली तर जहाज आणि माल जप्त व्हायचा, ब्रिटिश खलाशी सहसा सुटायचे. गोळी झाडली, तर मात्र चाचे ठरण्याची भीती. ‘अलाबामा’लाही या यादीत घालू नका, ती उत्तरेची व्यापारी जहाजं लुटणारी, जाळणारी दक्षिणेची युद्धनौका.

दुसरी चूक काळ्या रंगाची आणि धुराच्या लोटांची. चित्रात झकास दिसतं, पण असं जहाज दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदरापर्यंत पोचलंच नसतं. रंग फिकट राखाडी, बांधा बुटका, काहींची धुरांडी खाली घेता येणारी, कोळसा शक्यतो कमी धुराचा. वेळ अमावस्येच्या आसपासची. ‘बॅन्शी’ या अशाच एका आगबोटीवर शेवटच्या टप्प्यात सिगारसुद्धा पेटवायला बंदी होती. इंजिनखोलीचं तोंड ताडपत्रीने झाकलेलं, होकायंत्रावरही आच्छादन; सुकाणूवाल्याने त्यातल्या नळकांड्यासारख्या फटीला डोळा लावून दिशा बघायची. तोफांपेक्षा या काळोखावर परिच्छेद खर्च करा.

लिव्हरपूलहून थेट दक्षिणेचं चार्ल्स्टन बंदर असा मार्गही दाखवू नका. माल सहसा मोठ्या जहाजांनी बहामातल्या नासाऊला किंवा बर्म्युडाला यायचा आणि तिथे वेगवान आगबोटींत चढायचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हिशेबाची: बहुतेक फेऱ्या सुखरूप झाल्या, म्हणजे नाकेबंदी फुसकी! अहो, जी मोठी मालवाहू जहाजं धोका बघून फिरकलीच नाहीत, ती कुठे मोजली? चपळ आगबोटीत कापसाच्या गाठी मावून मावून किती मावणार? (1861 मध्ये तर दक्षिणेने स्वतःच कापूस अडवून धरला होता, ती घट नाकेबंदीच्या खात्यावर टाकू नका.)

पुरावा मुंबईत आहे. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापड गिरण्यांना अमेरिकन कापूस पुरेना, म्हणून इथल्या कापसाचे भाव भडकले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या कापूस-शेअर दलालांची चलती झाली, बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअर्सवर उड्या पडल्या. या आगबोटी पुरेसा कापूस बाहेर काढत असत्या, तर तो पैसा इथे आलाच नसता. 15 जानेवारी 1865 ला विल्मिंग्टनची वाट राखणारा फोर्ट फिशर हा किल्ला पडला, विल्मिंग्टन बंद झालं. एप्रिलमध्ये दक्षिणेची शरणागती, कापसाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईच्या शेअरबाजाराचा फुगाही फुटला.