औषधाच्या चाचणीत नाव घालायचं असेल तर

नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स किंवा सेवाग्रामच्या ओपीडीत डॉक्टर एखाद वेळी विचारतात, "या आजारावर एका औषधाची चाचणी सुरू आहे, भाग घ्याल का?" क्षयरोग, सिकलसेल, मधुमेह, हत्तीरोग, कुष्ठरोग हे विदर्भाच्या ओळखीचे आजार, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या घरीही येऊ शकतो. हो म्हणायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं. मात्र त्याआधी कोणता कागद कुठे पाहायचा आणि हो म्हटल्यावर घरी काय सांभाळायचं, हे माहीत असायला हवं.

आधी नोंदणी क्रमांक मागा

भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय (CTRI) या सरकारी नोंदवहीत होते. ती संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांकात आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे असतात. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ही नोंद करावी लागते. क्रमांक टाकून तीन गोष्टी बघा: केंद्रांच्या यादीत तुमचं रुग्णालय आणि तुमचे डॉक्टर आहेत का, त्या केंद्राच्या नैतिकता समितीपुढे (चाचणीत रुग्णांचं हित जपलं जातं का हे पाहणारी समिती) ‘मंजूर’ लिहिलं आहे का, आणि औषध नवीन असेल तर औषध महानियंत्रकांची, म्हणजे नवीन औषधांना मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची, परवानगी मिळाली आहे का. इथे पुष्कळांची गफलत होते. नोंदणी झाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही; दोन्ही रकाने वेगळे असतात.

तिथेच टप्पाही कळतो. पहिल्या टप्प्यात मोजक्या माणसांवर औषध सुरक्षित आहे का ते पाहतात, दुसऱ्यात मात्रा ठरवतात, तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन तुलना करतात, चौथा टप्पा बाजारात आलेल्या औषधाचा.

संमतीचा कागद

त्याचे दोन भाग असतात, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस ठेवा. "आजच सही करा" असा आग्रह कुणी धरत असेल तर सही करू नका. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा लागतो, आणि त्याचीही सही होते. गडचिरोलीहून आलेल्या रुग्णाला माडिया किंवा गोंडीच कळत असेल तर त्या भाषेत समजावून सांगणारं माणूस मागायला संकोच करू नका. सहीखालची तारीख स्वतःच्या हाताने घाला. सही झालेल्या कागदाची एक प्रत तुमची. ती घेतल्याशिवाय उठू नका.

पूर्णपणे नवीन औषध असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल, तर संमती देतानाचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र फक्त आवाज मुद्रित करतात, चेहरा नाही. आनंदवन, दत्तपूर या कुष्ठरुग्णांच्या वसाहती ज्या भागात आहेत तिथल्या लोकांना याचं कारण वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांना हे नेमके विचारा. किती वेळा यावं लागेल? दर खेपेला किती मिलिलिटर रक्त काढणार (५ मिलिलिटर म्हणजे साधारण एक चहाचा चमचा)? एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळेल का, आणि त्याच दिवशी की नंतर? माझं सध्याचं औषध बंद होणार का? मला कोणतं औषध मिळेल हे कोण ठरवतं? शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुधा ‘संगणक’ हे असतं. चिठ्ठी काढावी तसं ते ठरतं आणि बहुतेक वेळा डॉक्टरांनाही माहीत नसतं. "साहेब ओळखीचे आहेत, चांगलंच औषध देतील" हा समज मनातून काढून टाका. नवीन औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून तर चाचणी.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा

तुम्हाला किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल तर मधुमेहाच्या चाचणीत ते सांगणं फार महत्त्वाचं आहे. अशा चाचण्यांत यश बहुधा एचबीएवनसी या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीवर मोजतात. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही तो आकडा भरवशाचा राहत नाही. हिवतापाच्या चाचणीत प्रायमाक्विन असेल तर आधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली आहे का ते विचारा. ते विकर कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं, म्हणून बाईने गोळ्या घेत असल्याचं लपवू नये. आणि साखरेचं किंवा सांधेदुखीचं कुठलंही चूर्ण घेत असाल तर पुडीच घेऊन जा. अशा चुर्णांत स्टेरॉइड किंवा ॲलोपॅथीची गोळी मिसळलेली सापडते.

उपाशी पोटी म्हणजे उपवास नव्हे

रक्तासाठी ‘उपाशी या’ म्हटलं की सोमवारी किंवा चतुर्थीला हमखास घोळ होतो. रुग्ण उपवास आहे म्हणून सांगतो आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याने साखर झपाट्याने चढते. उपाशी याचा अर्थ आदल्या रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास साधं पाणी सोडून काहीही नाही: चहा नाही, दूध नाही, राजगिऱ्याचा लाडूही नाही. चुकून खाल्लं गेलं तर खोटं बोलू नका. रक्त दुसऱ्या दिवशी काढता येतं, चुकीचा आकडा मात्र चाचणीत कायमचा राहतो.

मे महिन्यातलं औषध

नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली, स्कूटरच्या डिक्कीत किंवा एसटीच्या उन्हाच्या बाजूच्या खिडकीत औषध खराब होतं, आणि गोळीकडे पाहून ते कळत नाही. पाकिटावर ‘३० अंशांखाली’ लिहिलं असेल तर घरातली सर्वात थंड, कोरडी जागा शोधा. कूलरवर किंवा त्याच्या झोतात ठेवू नका, तिथे दमट असतं. गोळी पट्टीतून आधीच काढून डबीत भरू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात ठेवण्याची युक्ती कोरड्या उन्हाळ्यात चालते. पावसाळा लागला की हवा दमट होते; कूलर ज्या कारणाने निकामी होतो त्याच कारणाने माठही थंडावा देत नाही. माठाची ही युक्ती करण्याआधी केंद्राला विचारा.

‘२ ते ८ अंश’ लिहिलेलं इंजेक्शन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नाही, बर्फाच्या खणाजवळ तर नाहीच. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही. प्रवासात बर्फाच्या पिशवीला आणि औषधाला मध्ये जाड फडकं हवं. वीज गेली तर दार उघडू नका, गेल्याची आणि आल्याची वेळ लिहा, फोन करा. उत्तर येईपर्यंत ते औषध वापरू नका आणि फेकूही नका.

गोळ्यांचा हिशेब

उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्या, बाटल्या, सगळं परत न्यायचं. समजा ३० दिवस रोज २ गोळ्या, म्हणजे ६० घ्यायच्या होत्या. ७० दिल्या, १६ परत आल्या, म्हणजे ५४ घेतल्या: ९० टक्के. डॉक्टर रागावतील म्हणून राहिलेल्या गोळ्या नालीत टाकणारे लोक असतात. त्याने कागदावर दिसतं की रुग्णाने पूर्ण औषध घेतलं आणि तरी गुण आला नाही. चांगलं औषध अशानेच बदनाम होतं. चुकलेल्या दिवशी डायरीत ‘घेतली नाही’ लिहा. कारण लिहिलं तर आणखी चांगलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

त्रास झाला तर

चाचणीचं कार्ड पाकिटात ठेवा. त्यावर रात्री-बेरात्री लागणारा फोन नंबर असतो. काटोल किंवा उमरेडच्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं तरी ते कार्ड दाखवा आणि घरच्यांना त्याच दिवशी केंद्राला कळवायला सांगा. कारण काहीही असो, मोटारसायकलवरून पडून भरती झालात तरी. भरती ही गंभीर घटना धरली जाते आणि संशोधक डॉक्टरांना ती २४ तासांत महानियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि नैतिकता समितीला कळवावी लागते. डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जपून ठेवा.

औषध चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेचा उपचार फुकट, आणि इजा चाचणीशी संबंधित नाही असं ठरेपर्यंत तो चालू राहतो. मृत्यू चाचणीमुळे झाला असेल तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: ८ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. वयाचा गुणक १६ वर्षांपर्यंत २२८.५४ आणि पासष्टीपुढे ९९.३७; जोखमीचा ०.५ ते ४, माणूस मुळात जितका निरोगी तितका जास्त. भरपाई प्रायोजकाने द्यायची असते.

सोडायचं असेल तर

कधीही, कारण न सांगता सोडता येतं. तुमचे नेहमीचे उपचार त्याने अडत नाहीत. फक्त औषध मनाने एकदम थांबवू नका. स्टेरॉइडसारखी औषधं हळूहळू कमी करावी लागतात आणि क्षयरोगाची मध्येच तोडली तर जंतू दाद देईनासे होतात. आधी फोन करा, मग शेवटच्या तपासणीला जा. जाताना उरलेलं सगळं औषध आणि डायरी न्या, आणि आता पुढचे उपचार कोणते ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.