लाईक दोनशे, कट्ट्यावर तिघं: सोशल मीडियावरून माणसं जोडताना या चुका टाळा

शिवाजी पार्कात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा वाचनकट्टा भरतो. नवे लोक यावेत म्हणून इन्स्टाग्रामवर पहिलं पोस्टर टाकलं, दोनशेवर लाईक आले. रविवारी हजर तिघं, त्यातली एक माझी मावसबहीण. पुढे वर्षभर आम्ही अल्गोरिदमच्या नावाने बोटं मोडली.

पोस्टरवर पत्ता होता ‘शिवाजी पार्क, सकाळी’. मैदानाभोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आसपास. नवख्याने शोधायचं कुठे? एक जण पूर्ण फेरी मारून घरी गेला, हे त्याच्याच मेसेजवरून कळलं. आता आम्ही ‘उद्यान गणेश मंदिराजवळ, निळ्या चटईवर’ असं लिहितो आणि दादर पश्चिम हेही. रविवारी काही ठेवायचं तर लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या कुठे बंद आहेत, ते बघून घ्या. आम्ही शनिवारी स्टोरी टाकतो: ‘उद्या ब्लॉक आहे, कल्याण-डोंबिवलीकरांनी अर्धा तास आधी निघा.’ त्या एका ओळीमुळे लोक येतात, सुविचारामुळे नाही.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत द्या किंवा स्टोरीला लिंकचा स्टिकर लावा. रीलवर अक्षरं हवीतच, कारण लोकलच्या गर्दीत आवाज बंद ठेवूनच बघतात. आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांच्या पुरात आपलं निमंत्रण सोडू नका. आठवडाभर आधी टाका.

सगळ्यात महागात पडली ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची लिंक. आम्ही ती फेसबुकवर उघडी टाकली. महिन्याभरात ग्रुपमध्ये शेअर बाजाराच्या टिपा यायला लागल्या. त्याहून वाईट म्हणजे बायकांच्या नंबरवर अनोळखी ‘हाय’ सुरू झाले. दोघी गुपचूप बाहेर पडल्या, कारणही सांगितलं नाही, का सांगावं? अशी लिंक फुटली असेल तर आधी ती रीसेट करा, म्हणजे जुनी चालेनाशी होते. मग नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल, ती सेटिंग चालू करा. जाहीर निमंत्रणासाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल ठेवा. भारतात ते सप्टेंबर २०२३ पासून आहे आणि तिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आमच्याकडे एकदा प्रत्यक्ष येऊन गेलेल्यालाच ग्रुपमध्ये घेतात, तेही विचारून. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात म्हणून तेवढे भरायचे नसतात.

‘ब्रॉडकास्ट केलं होतं, कुणी आलंच नाही’ ही तक्रारही ऐकू येते. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय; तो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. नवा माणूस कशाला तुमचा नंबर सेव्ह करून ठेवेल?

आमच्या एका पोस्टखाली कुणीतरी विचारलं होतं, ‘पुस्तक वाचलेलं नसेल तर चालेल का?’ नऊ दिवस उत्तर नाही. लाजऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो विचारतो एखादाच. आता ‘न वाचताही या, ऐकायला बसा’ हे आमंत्रणातच असतं. ग्रुपमध्ये कुणी नवं आलं की ते शुभ सकाळच्या फुलांत हरवू नये म्हणून एक जण नावाने विचारतो, ‘सध्या काय वाचताय?’ आणि लगेच काम देतो: येताना आवडलेलं एक पान आणा. काम दिलेला माणूस सहसा येतो.

फॉलोअर मोजणं आम्ही सोडलं. आलेल्या प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारून वहीत लिहितो. त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा एकच उत्तर आहे: ‘मैत्रिणीने पोस्टर फॉरवर्ड केलं.’ फॉरवर्ड होताना कॅप्शन बरेचदा गळून पडतं, चित्रच फिरतं. म्हणून तारीख, वेळ, जागा, विचारायचा नंबर, सगळं चित्रावरच छापा, तेही फोनच्या स्क्रीनवर वाचता येईल एवढ्या अक्षरात. ‘या रविवारी’ असं कधीच लिहू नका. आम्ही लिहिलं होतं. ते पोस्टर पुढचा आठवडाभर फिरत राहिलं आणि तिसऱ्या रविवारी मंदिराजवळ चार नवे लोक निळी चटई शोधत होते. आम्ही सगळे घरी होतो.