पूर येण्याआधी निवारा केंद्राच्या हवेची तयारी

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली माणसं तर आकडा तिथवर जायची वाटही बघत नाहीत, आधीच बोचकी बांधतात. मग शाळा आणि मंगल कार्यालयं उघडली जातात. तांदूळ, पिण्याचं पाणी, क्लोरीनच्या गोळ्या, लेप्टोवरची (पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापावरची) औषधं अशी सामानाची यादी आता मंडळांच्या पोरांना सांगावी लागत नाही. त्या यादीत हवा मात्र नसते. बाहेर धो धो पाऊस, आत दाटीवाटीनं झोपलेली माणसं आणि सगळ्या खिडक्या लावलेल्या, असं आठ-आठ दिवस चालतं. रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, त्या खिडक्या उघड्या ठेवता याव्यात यासाठी मे महिन्यात काय करून ठेवायचं, तेवढंच इथे लिहितोय. मुख्याध्यापक, नगरसेवक, मंडळाचे कार्यकर्ते, ज्यांच्या हातात शाळेची किल्ली असते त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. बंद खोलीच्या कोपऱ्यात कुणी बिडी ओढली तर वास दारापर्यंत येतो. खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणारे बारीक कण तसेच पसरतात आणि तरंगत राहतात. क्षय, गोवर, कांजिण्या, फ्लू, कोविड हे सगळे याच वाटेनं जातात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि लस न घेतलेली दहा मुलं त्याच्या सहवासात आली तर नऊ जणांना लागण होऊ शकते. फरशी फिनेलनं पुसली, हात सॅनिटायझरनं चोळले, तरी या हवेला काही होत नाही. पोटाचे आजार पसरू नयेत म्हणून फरशी पुसायला फिनेल जरूर आणा. हवेसाठी हवाच बदलावी लागते.

पहिलं काम मोजपट्टीचं. आपत्तीत माणसांना आसरा देण्याची जी जागतिक किमान मानकं आहेत, त्यांत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट. वीस बाय पंचवीसचा वर्ग घेतला तर त्यात १३ माणसं. पूर वाढला की त्याच वर्गात तीस माणसं येणार, हे आपल्याला ठाऊक आहे आणि कुणाला दारातून परत पाठवायचं नाही हेही ठरलेलं आहे. म्हणून प्रत्येक वर्गाच्या दारावर दोन आकडे खडूनं लिहून ठेवा, बरा आणि कमाल. बऱ्याच्या वर गेलो की शेजारचा वर्ग, व्हरांडा किंवा जवळची दुसरी शाळा उघडायची. त्या दुसऱ्या शाळेची किल्ली कुणाकडे आहे, हे आत्ताच विचारून ठेवा.

आता खिडक्या, आणि इथे घाई करू नका. प्रत्येक खिडकी हातानं उघडून बघा. गंजलेल्या बिजागऱ्या, खिळे ठोकून कायमची बंद केलेली तावदानं, बाकांच्या ढिगाऱ्यामागे गेलेल्या खिडक्या, सगळं निघेल. जुन्या शाळांना छताखाली झरोके असतात. कबुतरं येतात म्हणून त्यांत पुठ्ठे कोंबलेले असतात. ते काढून जाळी बसवा, कारण खालची खिडकी पावसामुळे लावावीच लागली तरी वरचा झरोका चालू राहतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि झड त्याच बाजूनं मारते. तिकडच्या खिडक्यांवर लोक ताडपत्री सपाट ठोकतात आणि खोली डब्यासारखी बंद होते. तसं न करता ताडपत्री वरून बांधून दोरीनं बाहेर तिरकी ओढा. पाऊस अडतो, वारा खालून येत राहतो. हुक आणि खुंट्या मे महिन्यातच मारून ठेवा, भर पावसात शिडीवर कुणाला चढवू नका.

वारा पडला की पंखा लागतो. छताचा पंखा तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. स्प्लिट एसीचंही तसंच, म्हणून एसीचं मंगल कार्यालय मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. एक्झॉस्ट फॅन पूर्वेकडच्या खिडकीत, बाहेर फेकणारा बसवा, भोवतीच्या फटी प्लायवूडनं बंद करा आणि समोरचं दार उघडं ठेवा. केवढा घ्यायचा, त्याचा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सार्वजनिक जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सांगितली. तीस माणसांना ३०० लिटर, म्हणजे तासाला १०८० घनमीटर. वर सांगितलेल्या वीस बाय पंचवीसच्या वर्गाची उंची अकरा फूट धरली तर त्यात सुमारे १५५ घनमीटर हवा मावते, तेव्हा ती तासाला सातेक वेळा बदलायला हवी. पंख्याच्या खोक्यावर क्षमता छापलेली असते, ती बघून घ्या. पुरात वीज तोडली जाते, त्यामुळे इन्व्हर्टर आणि चार्ज केलेली बॅटरीही लागेल. जनरेटर व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ कधीच नको. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो.

आत हवा खरोखर कशी आहे हे कळायला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं, एनडीआयआर सेन्सर (अवरक्त प्रकाशानं वायू मोजणारा) असलेलंच घ्या. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास आकडा दिसतो. खोलीत ८०० च्या खाली राहिला तर ठीक, हजाराच्या वर गेला की एकमेकांनी सोडलेला श्वास आपण पुन्हा घेतोय असं समजा आणि आणखी एक खिडकी उघडा. गॅसच्या शेगडीनंही आकडा चढतो, तेव्हा स्वयंपाक आणि यंत्र लांब लांब. यंत्र नसेल तर उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघा. खिडकीकडे सरकला तर बरं, जागच्या जागी घुटमळला तर पंख्याची जागा बदला.

एवढं करूनही रात्री लोक खिडक्या लावून घेतातच, आणि त्याचं कारण थंडी आणि डास. म्हाताऱ्या माणसांना, ओल्या केसांच्या लेकरांना वारा सोसत नाही, त्यांना दोष देऊन काय होणार? म्हणून माझ्या यादीत चादरी आणि घोंगड्या हवेच्या सामानात येतात. माणशी एक नको, दोन धरा. खाली घालायला जाड सतरंजी वेगळी, कारण फरशीचा गारवा वाऱ्यापेक्षा जास्त बोचतो. डासांसाठी खिडकीला जाळी आणि मच्छरदाण्या. कॉइल नको, तीस माणसांच्या खोलीत तो धूर दम्याच्या माणसाला रात्रभर छळतो. जाळीवर धूळ साचली की वारा अडतो, तेव्हा रोज ब्रश फिरवा. झोपताना एकाचं डोकं तिकडे तर शेजाऱ्याचे पाय तिकडे, अशा रांगा लावा. जेवणं आणि संध्याकाळची भजनं व्हरांड्यात. मोठ्यानं गाताना, बोलताना तोंडातून कण जास्त बाहेर पडतात.

खोकणाऱ्यांसाठी एक वर्ग राखून ठेवा, टोकाचा, दोन बाजूंनी खिडक्या असलेला. त्यांना कोपऱ्यात टाकल्यासारखं वाटता कामा नये. सोबत घरचं माणूस राहू द्या, चहा तिथे सगळ्यांत आधी पोचू द्या. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. मोकळ्या हवेनं माणूस बरा होतो असं त्या काळी मानायचे. हवेनं जंतू मरत नाहीत, पण ते इतके पातळ होतात की शेजाऱ्यापर्यंत कमी पोचतात. क्षयाच्या गोळ्या पुरात वाहून गेल्या असतील तर एक दिवसही न दवडता आरोग्य केंद्रातून पुन्हा मिळवून द्या. चार जणांसमोर विचारलं तर कुणी सांगणार नाही, नोंदणीच्या टेबलावर हळू विचारा. त्याच टेबलावर लहान मुलांच्या गोवराच्या लसीची चौकशी करा. राहिली असेल तर आशाताईंना कळवा. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांत दिलेली लसही उपयोगी पडू शकते.

मास्क एन-९५ च, डोक्यामागून दोन पट्टे जाणारे. गमछा किंवा ढिला कापडी मास्क कडेनं हवा आत घेतो. एन-९५ आधी खोकणाऱ्यांच्या वर्गात जाणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि सोबतच्या घरच्या माणसांना द्या, मग वृद्धांना, गरोदर बायकांना आणि मागतील त्या सगळ्यांना. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नका. काही खोकी पाणी ओसरल्यानंतरसाठी बाजूला काढा. घरं उघडताना भिंतींवर बुरशी असते, आणि चिखल वाळला की झाडलोट करताना त्याची धूळ छातीत जाते. घरी परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात धान्याच्या पिशवीबरोबर दोन मास्क द्या, आणि झाडण्याआधी चिखलावर पाणी शिंपडायला सांगा.