जीएमटी नव्याने शिकणाऱ्यांसाठी: आधी डिफॉल्ट बघा

भूभौतिकीत एमएस्सीचं प्रोजेक्ट सुरू झालं की गाइडकडून पहिली सूचना बहुधा एवढीच येते: "नकाशे जीएमटीत काढ." मग एखाद्या सीनियरकडून स्क्रिप्ट मिळते, ती आपण आपल्या लॅपटॉपवर चालवतो आणि जो नकाशा येतो तो सीनियरच्या नकाशासारखा नसतो. अक्षरं ढोबळ, चौकट वेगळी, रेखांशापुढचा ई गायब. कधी तर अर्धा नकाशा कागदाबाहेर. स्क्रिप्टमध्ये काना-मात्रेचाही फरक नसतो. ज्युनियर मंडळी जीएमटीच्या ज्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच याच जातीच्या असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

जीएमटी म्हणजे जेनेरिक मॅपिंग टूल्स. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ हे दोघं कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी संस्थेत पीएचडी करत होते, तेव्हा त्यांनी हे सुरू केलं. वेसल पुढे हवाई विद्यापीठात गेले आणि तिथून त्यांनी हे काम अनेक वर्षं सांभाळलं. २०२४ मध्ये ते वारले. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. यात माउसने काही ओढायचं-सोडायचं नसतं. टर्मिनलमध्ये कमांड द्यायची: किनारा एका कमांडने, भूकंपाचे ठिपके दुसरीने, रंगपट्टी तिसरीने. कमांडमध्ये जे तुम्ही सांगत नाही ते जीएमटी स्वतःच्या मनाने ठरवतं. फॉन्ट कुठला, चौकट कशी, माप इंचात की सेंटिमीटरमध्ये, तारीख कशी वाचायची, अशी शंभरावर सेटिंग्ज आहेत. ती सगळी बघायची असतील तर 'जीएमटी डिफॉल्ट्स' ही कमांड द्या. एकच बघायचं असेल तर 'जीएमटी गेट' आणि पुढे त्या सेटिंगचं नाव. ही नावं प्रत्यक्षात रोमन कॅपिटलमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायची असतात. इथे मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.

ही सेटिंग्ज कुठून येतात हे कळलं की निम्मं काम झालं. प्रोग्रॅममध्ये मुळातच भरलेली मूल्यं, म्हणजे डिफॉल्ट, असतात. शिवाय प्रत्येक कमांड चालताना 'जीएमटी डॉट कॉन्फ' नावाची फाइल शोधली जाते. आधी तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथे. तिथे नसेल तर तुमच्या होम फोल्डरात किंवा त्यातल्या जीएमटीच्या लपलेल्या फोल्डरात. सापडली तर त्यातली मूल्यं मूळ मूल्यांवर बसतात. आणि सगळ्यांत वर, कमांडमध्येच दोन डॅश देऊन एखादं सेटिंग लिहिलं तर त्या एका कमांडपुरतं तेच चालतं.

घोळ होतो तो मधल्या पायरीवर. जुन्या पद्धतीत, म्हणजे ज्याला आता क्लासिक मोड म्हणतात त्यात, 'जीएमटी सेट' ही कमांड दिली की ती चालू फोल्डरात जीएमटी डॉट कॉन्फ लिहून ठेवते. स्क्रिप्ट संपते, फाइल मात्र तिथेच राहते. महिन्याभराने त्याच फोल्डरात दुसरी स्क्रिप्ट चालवली की ती फाइल निमूटपणे वाचली जाते. सीनियरच्या फोल्डरात अशी एखादी फाइल जुनी होऊन पडलेली असते. तिच्यामुळेच त्याचा नकाशा 'तसा' दिसत असतो, आणि तुम्हाला स्क्रिप्ट पाठवताना ती पाठवायची कुणाच्या डोक्यातही येत नाही. लॅबच्या सामाइक मशीनवर, एकाच लॉगिनवर पाच जण काम करत असतील तर विचारूच नका.

जीएमटी ६ आलं २०१९ मध्ये, आणि त्याबरोबर मॉडर्न मोड आला. यात स्क्रिप्टची सुरुवात 'जीएमटी बिगिन'ने आणि शेवट 'जीएमटी एंड'ने. या दोहोंच्या मध्ये दिलेलं 'जीएमटी सेट' त्या सेशनपुरतंच असतं. एंड झालं की विसरलं जातं. आज नव्याने शिकणाऱ्याने क्लासिकच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एक सांभाळा: सेटची ओळ बिगिनच्या खाली हवी. सवयीने सगळी सेटिंग्ज स्क्रिप्टच्या अगदी डोक्यावर, बिगिनच्या आधी लिहिणारे बरेच असतात. तसं केलं की सेशन सुरूच झालेलं नसतं आणि फोल्डरात पुन्हा ती फाइल तयार होते. फोल्डरात आधीपासून काही पडलं असल्याची शंका असेल तर बिगिनला '-सी' हा पर्याय द्या. मग कुठलीही जीएमटी डॉट कॉन्फ न वाचता मूळ मूल्यांवरून सुरुवात होते.

होम फोल्डरात स्वतःच्या आवडीची एक छान कॉन्फ फाइल बनवून ठेवावी असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. स्वतःच्या मशीनवर सगळं देखणं येतं, पण स्क्रिप्ट गाइडकडे किंवा सर्व्हरवर गेली की उघडी पडते. जे सेटिंग नकाशात दिसतं ते स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं असावं.

आता खरा नकाशा घेऊ. कोयना परिसरातले भूकंप हा आपल्याकडे ठरलेला विषय, कारण धरणाच्या जलाशयाशी जोडल्या गेलेल्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं हे उदाहरण. समजा पश्चिमेला ७३.४, पूर्वेला ७४, दक्षिणेला १७ आणि उत्तरेला १७.६ अंश एवढा चौकोन घेतला. '-आर'मध्ये सीमा याच क्रमाने द्यायच्या. प्रक्षेपण मर्केटर, रुंदी १२.

बारा काय? इथेच पहिली ठेच लागते. '-जेएम१२' एवढंच लिहिलं तर एकक 'प्रोज_लेंग्थ_युनिट' या सेटिंगवरून ठरतं. ते सेंटिमीटर असेल तर ठीक. कुठल्या तरी कॉन्फ फाइलमध्ये इंच असेल तर नकाशा ३०.४८ सेंटिमीटर रुंद होतो, आणि उभ्या ए४ कागदाची रुंदी आहे २१. क्लासिक मोडमध्ये तो सरळ कागदाबाहेर जातो. मॉडर्न मोडमध्ये कागदाचं बंधन नसल्याने कापला जात नाही, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षातही येत नाही. नंतर वर्डमध्ये टाकताना लहान केला की अक्षरं मुंगीएवढी होतात. उपाय अगदी साधा आहे: आकड्यापुढे सी लिहायचा, '१२सी'. सेटिंग काहीही असो, मग बारा सेंटिमीटरच.

दुसरी गोष्ट अंशांची. कॅटलॉगमध्ये, म्हणजे भूकंपांच्या नोंदींच्या यादीत, भूकंपाचं ठिकाण दशांशात असतं, ७३.७५ वगैरे. नकाशावर दर ०.१ अंशाला आकडा मागितला तर मूळ डिफॉल्टप्रमाणे ७३ अंश ३० मिनिटं, ७३ अंश ३६ मिनिटं असं छापलं जातं, कारण 'फॉरमॅट_जिओ_मॅप' हे अंश-मिनिट-सेकंदांवर ठेवलेलं असतं. चूक काहीच नाही, पण कॅटलॉग आणि नकाशा शेजारी ठेवून वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी मनात सहाने भागाकार करावा लागतो. हे सेटिंग 'तीन डी, टिंब, एक एक्स आणि शेवटी कॅपिटल एफ' असं केलं की ७३.५ अंश आणि पुढे ई असं स्वच्छ येतं. तो शेवटचा एफ विसरू नका. पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण दाखवणारं अक्षर त्याच्यामुळेच येतं. मिनिटांतच हवं असेल, म्हणजे टोपोशीटशी जुळवायचं असेल, तर तीन डी, कोलन, दोन एम आणि एफ. आणि मग आकडेही दर १० मिनिटांना मागा, ०.१ अंशाला नको.

चौकटीचं म्हणाल तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची 'फॅन्सी' चौकट हे भौगोलिक नकाशांचं मूळ डिफॉल्ट आहे. शोधनिबंधात मला ती भडक वाटते. 'मॅप_फ्रेम_टाइप' प्लेन केलं की साधी रेघ मिळते. चौकट आणि आकडे ठरवणाऱ्या '-बी'मध्ये बाजूंची अक्षरं कॅपिटल दिली तर त्या बाजूला आकडे येतात, लहान लिपीत दिली तर नुसत्या खुणा. पश्चिम आणि दक्षिण कॅपिटल, बाकी दोन लहान, एवढं पुरतं.

फॉन्टच्या बाबतीत आवृत्तीकडे बघा. ६.२ पासून जीएमटीत थीम आल्या आणि मॉडर्न मोडमध्ये अक्षरांचा आकार नकाशाच्या आकारावरून आपोआप ठरू लागला. सोय चांगली आहे, पण म्हणूनच एकच स्क्रिप्ट ६.० वर आणि ६.४ वर वेगळी दिसू शकते. जर्नलसाठी नकाशा करताना मी 'फॉन्ट_अ‍ॅनोट_प्रायमरी', 'फॉन्ट_लेबल' आणि 'फॉन्ट_टायटल' ही तिन्ही स्वतः लिहून देते, साधारण आठ, नऊ आणि दहा पॉइंट. एका कॉलमात, साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, नकाशा बसवायचा असेल तर तो पहिल्यापासून तेवढ्याच रुंदीचा काढावा. मोठा काढून लहान केला की रेघा आणि अक्षरं दोन्ही रोडावतात. आणि नुसत्या रंगपट्टीवरचे आकडे लहान हवे असतील तर त्यासाठी सेट नको. रंगपट्टीच्या कमांडपुढेच दोन डॅश देऊन फॉन्ट लिहा. बाकीच्या नकाशाला धक्का लागत नाही.

तारखांवर जरा थांबायला हवं, कारण इथे चूक नकाशात दिसत नाही, निष्कर्षात दिसते. जीएमटी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने वाचतं. आपल्याकडचे तक्ते बहुतेक दिवस-महिना-वर्ष असतात. 'फॉरमॅट_डेट_इन' बदलता येतं, पण मी तक्ताच बदलून घेते. तारीख, मग कॅपिटल टी, मग वेळ. खरी मेख वेळेची आहे. कोयनेचा मोठा भूकंप आपण ११ डिसेंबर १९६७ चा म्हणतो. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो झाला. आंतरराष्ट्रीय कॅटलॉगमध्ये तोच १० डिसेंबर, २२:५१ असा सापडेल, कारण ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. किल्लारीचंही तसंच: आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, यूटीसीत २९ सप्टेंबरची रात्र. दोन कॅटलॉग एकत्र करून कालक्रमाचा आलेख काढला तर एकच भूकंप दोनदा दिसेल. साडेपाच तास जीएमटी तुमच्यासाठी वजा करणार नाही; ते आधीच करून ठेवायचं.

सीनियरची स्क्रिप्ट खूप जुनी, जीएमटी ४ च्या काळातली असेल तर सेटिंग्जची नावंच वेगळी असतील. 'बेसमॅप_टाइप' म्हणजे आताचं मॅप_फ्रेम_टाइप, 'प्लॉट_डिग्री_फॉरमॅट' म्हणजे फॉरमॅट_जिओ_मॅप, 'मेझर_युनिट' म्हणजे प्रोज_लेंग्थ_युनिट. त्या काळची सेटिंग्जची फाइलही वेगळ्या नावाची, डॉट जीएमटीडिफॉल्ट्स४. ती मिळाली तर 'जीएमटी सेट -सी' तिच्यावरून नवी फाइल बनवून देतं. तरी अशी स्क्रिप्ट दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिच्यातल्या सीमा, रंग आणि आकडे उचलून मॉडर्न मोडमध्ये नवी लिहिणं सोपं पडतं.

ज्या गोष्टींना सेटिंगच नाही त्याही सांगते, म्हणजे शोधण्यात दिवस जाणार नाही. देवनागरी नावं थेट छापता येत नाहीत. जीएमटी पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत नकाशा लिहितं आणि त्याचे ठरावीक फॉन्ट मुख्यतः रोमन अक्षरांचे. मराठी पोस्टर किंवा जिल्हा कार्यालयासाठीचा नकाशा करायचा असेल तर पीडीएफ काढा आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांची नावं चढवा. दुसरी गोष्ट देशाच्या सीमेची. 'कोस्ट' कमांडला '-एन१' दिलं की आंतरराष्ट्रीय सीमा येते, पण भारताची ती सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमेशी जुळत नाही. जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलकडे नजर टाकली की लगेच दिसेल. भारतात छापायच्या कुठल्याही नकाशात ती चालत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची शेपफाइल (नकाशाच्या रेषांची फाइल) घ्या, जीडीएएल या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 'ओजीआर-टू-ओजीआर'ने जीएमटीच्या फॉरमॅटमध्ये बदला आणि 'प्लॉट'ने काढा. कोयनेच्या चौकोनात हा प्रश्न येत नाही, पण कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकायचा मोह सगळ्यांना होतो आणि परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतात.

पायथनवाले पायजीएमटी, म्हणजे जीएमटीचं पायथनमधलं रूप, वापरतात, तिथे हीच सेटिंग्ज 'पायजीएमटी डॉट कॉन्फिग'मध्ये याच नावांनी जातात. 'विथ' लावून लिहिलं तर त्या ब्लॉकपुरतीच राहतात, आणि मला तीच पद्धत बरी वाटते.

नकाशा गाइडच्या पसंतीला उतरला की त्याच सेशनमध्ये, एंडच्या आधी, जीएमटी डिफॉल्ट्सचं आउटपुट एका फाइलमध्ये वळवून घ्या आणि वरच्या ओळीत आवृत्तीचा आकडा लिहा. 'जीएमटी' पुढे दोन डॅश देऊन व्हर्जन लिहिलं की तो मिळतो. रिव्ह्यूअरचं पत्र सहा महिन्यांनी येतं, तोवर लॅपटॉप बदललेला असतो. ती फाइल स्क्रिप्टशेजारी ठेवा, फक्त तिचं नाव जीएमटी डॉट कॉन्फ ठेवू नका, नाहीतर पुढची प्रत्येक कमांड तीच वाचत बसेल.