होय की नाही: टॅरोच्या पत्त्यांना प्रश्न विचारण्याची रीत

अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी लांबलांबचे कास्तकार तेथे जमतात. त्यामुळे खुणांवरून उत्तर काढण्याची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. टॅरोचे पत्ते मात्र परमुलखातले आहेत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळण्यासाठी निघाले, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये त्यांवरून भविष्य पाहण्याची चाल रुजली, आणि आज सर्वाधिक वापरला जाणारा रायडर-वेट कॅट १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला; त्यातील चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची आहेत. कॅटमध्ये एकूण ७८ पत्ते असतात: मेजर अर्कानाचे, म्हणजे सूर्य, मनोरा अशी स्वतःची नावे असलेले मोठे पत्ते, २२ आणि वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी) व पेंटॅकल्स (नाणी) या चार रंगांचे प्रत्येकी १४.

पत्ते हातात घेण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहून काढावा, कारण निम्मे काम तेथेच होते. ‘सोयाबीनला भाव मिळेल का?’ या प्रश्नाला कोणतेही उत्तर आले तरी ते खोटे ठरत नाही. किती भाव, केव्हा आणि कोणत्या बाजारात, यांपैकी काहीच त्यात नाही. ‘घरातले तीस कट्टे सोयाबीन दिवाळीपूर्वी विकावे का?’ असे विचारले म्हणजे होय आणि नाही या दोन्ही शब्दांना अर्थ येतो. ‘विकावे की ठेवावे?’ असा जोडप्रश्न करू नये, आणि ‘विकू नये का?’ असा नकारार्थी तर मुळीच करू नये, कारण त्यावर आलेल्या होकाराचा अर्थ लावताना घरात दोन पक्ष पडतात.

सर्वांत सोपी पद्धत अशी की सुलटा पत्ता म्हणजे होय आणि उलटा म्हणजे नाही. ही पद्धत वापरताना एक चूक हमखास होते आणि ती माझ्याकडूनही झाली. नवा कॅट उघडला तेव्हा सगळे पत्ते एकाच दिशेने लावलेले होते. मी ते पंधरा दिवस नुसते वरखाली पिसत राहिले आणि ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला होकारच मिळत गेला. शेवटी शेजारची सूनबाई म्हणाली, ‘काकू, तुमचे पत्ते कोणालेच नाही म्हणत नाहीत का?’ तेव्हा कुठे लक्षात आले की वरखाली पिसल्याने पत्त्याचे डोके कधीच फिरत नाही. म्हणून पिसताना कॅट मधोमध काटून एक गड्डी अर्धा फेरा फिरवावी, मग दोन्ही एकत्र करून पिसावे, आणि हे चार-पाच वेळा करावे. निवडलेला पत्ता उघडताना पुस्तकाचे पान उलटतो तसा बाजूने उलटावा. वरून खाली उलटला तर सुलट्याचा उलटा होतो.

एका पत्त्यावर भरवसा वाटत नसेल तर तीन काढावेत. संख्या विषम असल्यामुळे एका बाजूला बहुमत पडतेच. तिन्ही सुलटे येण्याची शक्यता आठांत एकच असते, म्हणून तसे आले तर तो ठाम होकार समजावा. दोन सुलटे आणि एक उलटा असेल तर होकार खरा, पण त्यात अडचण आहे असे मानतात.

दिशेऐवजी चित्रावरूनही उत्तर घेता येते. सूर्य, तारा, जग आणि चारही एक्के होकाराचे. मनोरा, पाठीत तलवारी रुतलेला स्वोर्ड्सचा दश्शा आणि बर्फातून जाणाऱ्या दोन फाटक्या माणसांचा पेंटॅकल्सचा पंजा नकाराचे. चंद्र आला तर चित्र धूसर आहे आणि टांगलेला माणूस आला तर थांबावे, असा अर्थ घेतात. आपल्या लोकांना सगळ्यांत लवकर कळतो तो पेंटॅकल्सचा सत्ता: कुदळीच्या दांड्यावर हात टेकून एक शेतकरी झुडपाला लागलेल्या नाण्यांकडे पाहत उभा आहे, सहा नाणी झुडपावर आणि एक पायाशी. हा पत्ता पाहून ‘अजून वेचणीला आले नाही’ असे एका आजींनी मला न विचारताच सांगितले होते. दिशा पाहायची की चित्र, हे मात्र पत्ता काढण्यापूर्वी ठरवावे. नंतर ठरवले तर मन आपल्याला हवे तेच निवडते.

काही प्रश्न मी घेतच नाही. मोटरपंपाची केबल अमक्याने चोरली का, असे विचारले गेले आणि सुलटा पत्ता निघाला, तर संध्याकाळपर्यंत पारावर भांडण ठरलेले. आजारपणासाठी डॉक्टर आहेत. पेरणीसाठीही पत्ते नकोत: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला पत्त्यांपुढे झुकवायचा नसतो.

उत्तर आवडले नाही म्हणून तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारू नये. निदान परिस्थिती बदलेपर्यंत थांबावे. एका वहीत तारीख, प्रश्न, निघालेला पत्ता आणि घेतलेला अर्थ लिहावा, शेजारचा रकाना मोकळा सोडावा आणि प्रत्यक्षात काय घडले ते नंतर त्यात भरावे. माझ्या वहीत दिवाळीपूर्वीच्या सोयाबीनपुढे उलटा पत्ता लिहिलेला आहे, आणि पुढच्या रकान्यात बाजार समितीची पावती टाचणीने लावलेली आहे.